‘माय नेबर टोटोरो’ पाच वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, मुलगी पाच वर्षांची आहे, या जपानी ॲनिमेशन सिनेमातली आई दवाखान्यात आहे म्हणून ती घाबरेल का, आणि खलनायकच नाही म्हटल्यावर कंटाळेल का.

दाखवा, जरूर दाखवा. फक्त पहिल्या वेळी तिला लावून देऊन कामाला जाऊ नका, शेजारी बसा.

कंटाळ्याचं म्हणाल तर हायाओ मियाझाकींचा हा १९८८ चा सिनेमा जेमतेम ८६ मिनिटांचा आहे. काळ १९५० च्या दशकातला. सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेई बाबांबरोबर गावाकडच्या एका जुन्या घरात राहायला येतात. शेजारी कापराचं प्रचंड झाड, आणि त्या झाडाच्या आत टोटोरो, म्हणजे जंगलातला एक गुबगुबीत, केसाळ अद्भुत प्राणी. भांडण नाही, पाठलाग नाही, पण लहान मुलाला ज्यात गंमत वाटते ते सगळं आहे. मेईला अंगणात बूड नसलेली बादली सापडते. ती लगेच त्यातून डोळा लावून बघते, गवतात एक ओकचं फळ दिसतं, मग दुसरं, मग तिसरं, आणि ती वेचत वेचत ती छोट्या टोटोरोपर्यंत पोचते. पाच वर्षांच्या मुलीला यात काहीच समजावून सांगावं लागत नाही.

बसस्टॉपचा प्रसंग तर मी कितीही वेळा बघू शकतो. पाऊस पडतोय, अंधारून आलंय, बाबांची बस येत नाही, मेई सात्सुकीच्या पाठीवर झोपून गेलीय. शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर फक्त एक पान. सात्सुकी त्याला बाबांसाठी आणलेली छत्री देते. झाडावरून छत्रीवर थेंब टपकतात, तो आवाज त्याला इतका आवडतो की तो जोरात उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी धो धो खाली येतं. बराच वेळ कुणी अवाक्षर बोलत नाही. मुलं मात्र हलत नाहीत.

आता भीतीचं. भीती आहे, आणि ती खरी आहे, हे आधीच सांगतो. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता आणि त्यांच्या लहानपणी ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. म्हणून असेल, पण आजारपण घरातल्या मुलांना कसं जाणवतं ते इथे अगदी नेमकं उतरलंय. दवाखान्यातून तार येते आणि आईचं घरी येणं लांबतं. तोवर घर सांभाळणारी, डबे करणारी सात्सुकी शेजारच्या आजींसमोर ‘आई गेली तर?’ म्हणत हमसून रडते. मेई ते बघते आणि आईला द्यायला मक्याचं कणीस घेऊन एकटीच निघते. मग ती हरवते. तळ्यात एक चप्पल सापडते. ती मेईची नसते, पण ते कळेपर्यंत मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. तेवढा वेळ मुलीला जवळ घ्या, हवं तर ‘मेई सापडणार आहे’ असं आधीच सांगून टाका. गंमत कमी होत नाही.

आणि मला वाटतं, याचसाठी हा सिनेमा दाखवावा. यात मोठी माणसं मुलांशी नीट वागतात. मेई टोटोरो दिसला म्हणून सांगते आणि तो पुन्हा सापडत नाही, तेव्हा बाबा तिला खोटं पाडत नाहीत. तुला वनाचा स्वामी भेटला असणार, तो दर वेळी भेटेलच असं नाही, असं म्हणतात आणि दोघींना झाडापुढे नेऊन वाकून आभार मानायला लावतात. पहिल्या रात्री वाऱ्याने घर करकरायला लागतं, मुली बिचकतात, तेव्हा बाबा मोठ्याने हसायला लागतात आणि मुलींनाही हसायला लावतात. (बाबा आणि मुली एकत्र आंघोळ करताना दिसतात. जपानी घरात ती नेहमीची गोष्ट आहे.)

श्रेयनामावली सुरू झाली की बंद करू नका. त्यामागच्या चित्रांमध्ये आई घरी आलेली दिसते. घाबरलेल्या मुलीला ते बघायला मिळायलाच हवं.

भाषेचं म्हणाल तर तिला अजून भरभर वाचता येत नसेल, त्यामुळे सबटायटल्सचा उपयोग नाही. इंग्रजी डबिंग चांगलं आहे. पण मी जपानीच लावून मधे मधे मराठीत सांगत जाईन. संवाद थोडे आहेत, सहज जमतं.

एक मात्र लक्षात ठेवा. टोटोरो बनवणाऱ्या स्टुडिओ जिबलीचाच ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ मध्ये याच्याच जोडीने चित्रपटगृहांत लागला होता. त्यातही दोन भावंडं आहेत, चित्रंही सुरेख आहेत, पण तो युद्धातल्या उपासमारीचा सिनेमा आहे. यादीत शेजारी दिसला म्हणून तो इतक्यात लावू नका. टोटोरो आवडला तर पुढे ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ दाखवा.