ऑक्सिजन कमी पडला तर बधिर करण्याचे औषध शरीराला जास्त का बाधते?

कोल्हापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना ‘लोकलवरच्या (म्हणजे फक्त तेवढा भाग बधिर करून केलेल्या) केसला तुमची काय गरज?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, आपला प्रश्न वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

शाहूपुरीतील एका छोट्या रुग्णालयात सर्जननी हर्नियासाठी बुपिव्हॅकेन हे बधिर करण्याचे औषध स्वतःच टोचले होते. मी पुढच्या केससाठी थांबलो होतो. रुग्ण तालमीतला धट्टाकट्टा गडी. जीभ जड झाली, तोंडात नाणे धरल्यासारखी चव येते, कानात शिट्टी वाजते, असे तो सांगू लागला. औषध रक्तात जास्त गेल्याचीच ही लक्षणे. मग ओठ फडफडले आणि पाहता पाहता फिट आली. सर्जन ‘आधी फिट थांबवा, मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ टक्के आहे’ म्हणत राहिले. मी आधी जबडा उचलून मास्क लावला, अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) ऑक्सिजन सुरू केला आणि लगेच फिट थांबवणारे मिडाझोलाम दिले. गडी सुखरूप घरी गेला, पण तो वाद आजही मिटलेला नाही.

मॉनिटरचा आकडा काही सेकंद मागे असतो, आणि फिटमध्ये तेवढा वेळही महागात पडतो. स्नायू ऑक्सिजन झपाट्याने संपवतात, श्वास नीट चालत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्ताची आम्लता वाढते. कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूकडे रक्त जास्त वाहते, त्यासोबत औषधही जास्त पोचते. आम्लतेमुळे प्रथिनांना चिकटलेले औषध सुटे होते आणि पेशीत शिरलेले औषध विद्युतभारित होऊन तिथेच अडकते. बुपिव्हॅकेन हृदयाचे सोडियम मार्ग, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश ज्यांतून सुरू होतो ती पेशींची दारे, घट्ट धरून बसते; त्यात ऑक्सिजनचा तुटवडा आला की बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करणे फार कठीण जाते. अशा औषधांनंतर हृदय अचानक बंद पडते, याकडे अमेरिकेतील भूलतज्ज्ञ अल्ब्राइट यांनी १९७९ मध्येच लक्ष वेधले होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या मात्रेचे लोकल जिथे दिले जाते, तिथे ऑक्सिजन, अंबू बॅग, २० टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवर शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण) आणि हे सगळे वापरू शकणारा माणूस हवाच. शस्त्रक्रियेपूर्वी आपण हे विचारा. सर्जन रागावले तर रागावू द्यात.

दाताच्या डॉक्टरांकडच्या थोड्याशा औषधाला मात्र यामुळे घाबरू नये. शिवाय प्रिलोकेन आणि बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधांची गोष्ट वेगळी आहे: ती कधी कधी हिमोग्लोबिनच बदलून टाकतात, ओठ निळसर पडतात, ऑक्सिजन देऊनही मॉनिटर ८५ च्या आसपास अडकतो, आणि तिथे त्यावरचा उतारा म्हणून मिथिलीन ब्लू हे औषध लागते.