एरंडोलहून आई-वडिलांना दोन दिवसांत मुंबई दाखवायची आहे, काय दाखवू?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. गेटवे, जुहू, सी-लिंक, नटनट्यांचे बंगले ही यादी तुम्ही केलीत, ठीक आहे. पण खाली लिहिलंय, "घारापुरी, कान्हेरीच्या डोंगरातली लेणी पण आहेत म्हणतात, पण शेतकरी माणसांना त्यात काय रस वाटणार?" हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या आई-वडिलांनी? की त्यांना न विचारताच ठरलं?

हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलेलं आहे. दाजी कल्याणला असतात. माणूस मनाने मोठा, पाहुण्यासाठी खिसा मोकळा. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा मुंबईला आले तेव्हा दाजींनी आधीच गाडी सांगून ठेवली होती. सकाळी जुहू, दुपारी बांद्र्याचे बंगले, रात्री सी-लिंकवरून चक्कर. मी कान्हेरीचं नाव काढलं तर म्हणाले, "आयुष्यभर दगडमाती बघितली त्यांनी, इथे येऊनही दगडच दाखवणार का?" आप्पा शेजारी चहा पीत बसलेले. त्यांचं सगळं आयुष्य चोपड्याकडच्या काळ्या रानात कापूस लावण्यात आणि हंगामात जिनिंगवर रुईच्या गाठी ओढण्यात गेलं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल असं बोलतात याचाच मला जास्त राग आला. मी सरळ त्यांना विचारलं, काय बघायचं? ते म्हणाले, "बंगलाना गेट देखीसन काय करानं शे?"

झालं. गाडी रद्द, आम्ही दोघं लोकलने दादर, तिथून बोरिवली.

बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. बसची सोय असते, म्हाताऱ्या माणसांना चालवत नेऊ नका. डोंगर सगळा काळ्या कातळाचा. आपल्याकडच्या माणसाला हा दगड ओळखीचा, कारण अजिंठा असो की चाळीसगावच्या डोंगरातलं पितळखोरं, सगळं याच जातीच्या खडकात कोरलेलं आहे. आप्पांनी पहिल्याच पायरीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "हाऊ आपलाच दगड शे."

तीन नंबरचं लेणं हे मोठं चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंची प्रार्थनेची जागा. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, चारेक पुरुष उंचीच्या. आप्पांनी हात जोडले, खांब निरखले आणि पुढे निघाले. मला वाटलं, दाजींचं खरं होतं की काय. पण वर चढल्यावर, जिथे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या एकावर एक टप्प्याने कोरल्या आहेत, तिथे ते थांबले ते थांबलेच. बहुतेक खोल्यांपाशी कातळात पाण्याचं टाकं आहे. आणि वरच्या उतारावरून बोटा-दोन बोटांच्या पन्हळी दगडात काढल्यात, पावसाचं पाणी गोळा करून त्या टाक्यात आणतात. पर्यटक त्या ओलांडून जातात, कुणी खाली बघत नाही.

आप्पा उकिडवे बसले. पन्हळीतला पाला बोटाने काढला. मग माझ्या हातातली बाटली घेतली आणि वरच्या अंगाला थोडं पाणी सोडलं. पाणी सरळ गेलं, एका ठिकाणी वळलं, कडेला जरा थबकलं आणि टाक्यात पडलं. "पानी कसं उतरस देख," म्हणाले. मग पुढच्या पन्हळीशी. मग तिच्या पुढच्या. उतार किती ठेवलाय, जोराच्या पावसात जादाचं पाणी कुठून बाहेर काढलंय, गाळ कुठे बसत असेल, सगळं ते मला दाखवत होते. ज्या माणसाच्या विहिरीने होळीनंतर दरवर्षी तळ दाखवला, ज्याने बांधाशी चर खणून पाणी अडवायचा खटाटोप सगळी उमेद खर्च करून केला, त्याला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं पाण्याचं काम कळणार नाही तर कुणाला कळणार? टाक्यांत तेव्हा, थंडीच्या दिवसांतही, पाणी होतं.

तिथेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. (माकडांपासून जपा, पिशवी हातातून ओढून नेतात.) मी त्यांना सांगितलं की इथे शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीपासून पुढे हजारेक वर्षं इथे वस्ती होती, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलंय की कुणी काय दान दिलं. कुणी लेणं दिलं, कुणी नुसतं पाण्याचं टाकं. देणारे बरेचसे सोपारा, कल्याण अशा बंदरांचे व्यापारी. समुद्रावर कमावलेला पैसा डोंगरात पाणी साठवायला लागला. आप्पा म्हणाले, टाकं देणारा शहाणा.

संध्याकाळी कल्याणला दाजींना हे सांगितलं. कल्याणच्याच व्यापाऱ्यांची नावं त्या दगडावर आहेत हेही सांगितलं. ते म्हणाले, "पाण्याच्या टाक्या बघायला मुंबईला आलात?" तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली की हा विषय निघतोच. दाजी आजही सांगतात की मी आप्पांची मुंबई वाया घालवली. आप्पांनी मात्र गावात पारावर ज्याला त्याला त्या पन्हळी हाताने काढून दाखवल्या. दाजी, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर एवढंच विचारा स्वतःला, बंगल्याबद्दल ते पारावर काय सांगणार होते?

आता तुमच्या प्रश्नाकडे. रात्री जळगावहून अमरावती एक्स्प्रेस पकडलीत तर पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल. उतरल्या उतरल्या टॅक्सीत बसू नका. रस्ता ओलांडून समोर जा आणि ती इमारत बघा. १८७८ ला काम सुरू होऊन दहाएक वर्षं चाललं होतं, २००४ पासून जागतिक वारसा आहे. मग फोर्टमध्ये चालत हॉर्निमन सर्कल. आज तिथे बाग आहे, पण एके काळी त्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठींचे डोंगर असायचे. पुढे तो बाजार कुलाब्याला गेला, नंतर शिवडीकडे. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्यावरूनच.

हे वडिलांना जरूर सांगा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथली बंदरं अडवली गेली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग बरीच मागणी मुंबईवर आली आणि मुंबईने कापूस आणला आपल्यासारख्या मुलखातून. त्याच काळात जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. मुंबईत पैसा एवढा आला की लोकांनी समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या, शेअर चढले, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे, २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने त्याला पैसा दिला, नाव आईचं दिलं, आणि तो १८७८ मध्ये पुरा झाला. त्या मनोऱ्याखाली उभं राहून कापूसवाल्या माणसाला "हे बघायला तुम्हाला जमणार नाही" असं कोण म्हणेल? हे शहर आपल्या रुईवर वाढलंय, आपण तिथे कुणाचे पाहुणे म्हणून अंग चोरून फिरायचं कारण नाही. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं होतं. खंडाची जमीन कसणाऱ्याला हा व्यवहार बरोबर समजतो.

घारापुरीही टाळू नका. गेटवेवरून लाँचने तासभर लागतो, आणि खरं बंदर त्या तासातच दिसतं. नांगरून उभी जहाजं, तेलाची टाकी असलेलं बेट, पलीकडे न्हावाशेव्याच्या उंच क्रेन. आप्पांनी समुद्र असा मधोमध बसून पहिल्यांदाच बघितला आणि पूर्ण वेळ कठड्याला धरून उभे राहिले. वर त्रिमूर्ती आहे, वीस फुटांच्या आसपास, तिच्यापुढे गर्दी हटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. ज्या दगडी हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा हे इंग्रजी नाव पडलं तो आता तिथे नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

जुहूची वाळू एक संध्याकाळ ठीक, आईला आवडेल. सी-लिंक गाडीतून पाच मिनिटांत संपतो. मला विचाराल तर माथेरान या फेरीत नको. आगगाडी, नेरळ, दस्तुरी आणि तिथून पुढचा प्रवास, त्यात अख्खा दिवस जातो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. घारापुरीला शंभराच्या वर पायऱ्या आहेत, आईचे गुडघे दुखत असतील तर डोली करा, किंमत आधी ठरवा. कान्हेरीच्या वरच्या टप्प्याला तर डोलीही नाही, तेव्हा गुडघा खरंच धरत असेल तर तीन नंबरच्या लेण्यापाशी आणि खालच्या टाक्यांपाशीच बसा, तेवढंही पुष्कळ आहे. दोन्ही एकाच दिवशी करू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, मे महिन्यात कातळ तापतो, म्हणून दिवाळीनंतर जा, वेचणीतून सवड मिळेल तेव्हा. आणि सोमवार धरू नका, घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

बंगल्यांचं म्हणाल तर, आईने स्वतःहून नाव घेतलं तर दाखवा. पण आधी दोघांना विचारा.