वरच्या मजल्याचं बिऱ्हाड

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू रागातच ठेवलास, म्हणून लिहितोय. करार संपून चार महिने झाले तरी वरचं बिऱ्हाड हलत नाही, आणि आता तू त्यांच्या पाण्याचा कॉक बंद करणार, ते गावाला गेले की आपलं कुलूप घालणार. तेवढं करू नकोस.

कोर्टात बेलीफ म्हणून माझी तीस वर्षं गेली. कब्जा वॉरंट, म्हणजे जागेचा ताबा देण्याचा कोर्टाचा हुकूम, घेऊन सांगलीतली किती दारं वाजवली, मोजली नाहीत. खणभागातलं एक मात्र डोक्यातून जात नाही. मालकाचा मुलगा तुझ्याच वयाचा. भाडेकरू जत्रेला गेलेला बघून त्यानं कुलूप बदललं आणि त्यांची भांडी जिन्याखाली रचली. भाडेकरूनं सहा महिन्यांच्या आत दावा लावला. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खालच्या दाव्यात मालक कोण हे कोर्ट विचारतच नाही. कायदा सोडून ताबा काढून घेतला का, एवढंच बघतं. मी पंचांसमोर वॉरंट वाचलं, आणि त्या मुलानं खिशातून स्वतःची किल्ली काढून भाडेकरूला दार उघडून दिलं. पंचनाम्यात लिहिलं : पितळी हंडा एक, लोखंडी कॉट दोन, पाळणा एक. मुलाचे वडील समोरच्या कट्ट्यावर बसून होते, एक शब्द बोलले नाहीत. जागा त्यांचीच होती रे, भांडणही त्यांच्या बाजूचं होतं.

पाणी, वीज तोडायलाही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नं मनाई आहे. पोलिसात गेलास तर ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील. ‘माणसं पाठवून रिकामं करून देतो’ म्हणणाऱ्यांना तर चहालासुद्धा बसवू नकोस.

आता कामाचं. दादांच्या कपाटातली फाइल काढ आणि शेवटचा करार बघ. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाय, की नुसता स्टॅम्पवर नोटरी केलाय? अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे १९९९ च्या कायद्याच्या, कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, खोटं ठरवायचं ओझं तुझ्यावर.

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असेल तर देव पावला म्हण. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूनं लढण्याची परवानगी मागायची. मागितली नाही तर आदेश तुझ्या बाजूनं. शिवाय मुदत संपल्यापासून दुप्पट दरानं भरपाई. म्हणजे सहा हजार भाडं असेल तर महिन्याला बारा. हे फक्त राहत्या जागेला; खालच्या गाळ्याला लावायला जाऊ नकोस.

नुसता नोटरी असेल तर वाट लांबची. विजयनगरच्या कोर्टात दावा, स्वतःची गरज किंवा थकबाकी दाखवायची. थकबाकीला आधी लेखी नोटीस आणि नव्वद दिवस थांबायचं. नंतर दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणायचा अर्ज, मग कुठं माझ्यासारखा एखादा बेलीफ दारात येणार. यात वर्षं जातात, तुला उगाच गोड सांगत नाही.

आणि एक. वरचा भाडेकरू दरमहा मोबाइलवरून पैसे टाकतोय आणि तू ‘मिळाले’ म्हणून अंगठा पाठवतोस ना? पुढच्या वेळी लिही : ‘कराराची मुदत संपल्यानंतरच्या वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारले.’ ‘भाडं’ हा शब्द घालू नकोस. उद्या त्याचा वकील तोच मेसेज पुढं करून करार वाढवला होता म्हणेल.

एवढं सगळं असलं तरी आधी मी बोलून बघणार आहे. तो २०१९ च्या महापुरात गावभागातलं घर सोडून आलेला माणूस, लबाड मला कधी वाटला नाही. मुलगी दहावीला आहे, डिपॉझिट परत मिळेल की नाही याची धास्ती आहे. मला वाटतं खरी गाठ तिथंच आहे. परीक्षेपर्यंत मुदत द्यायला हरकत नाही, पण तारीख घालून, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घेऊन. डिपॉझिटचा चेक दाखव, हातात मात्र किल्ली आणि कब्जापावती मिळाल्यावरच दे. त्या दिवशी दोघांनी मिळून विजेच्या मीटरचा आकडाही लिहून घ्या, भांडणं निम्मी तिथंच होतात. दादांना यात ओढू नकोस, त्यांचं बीपी वाढतं.

गुरुवारी संध्याकाळी फाइल घेऊन ये, जिना दोघं मिळूनच चढू. निघताना तो कॉक बघून ये, उघडा आहे ना.

तुझा,
काका