वाचकांचे प्रश्न: कांगा लीग, ओली विकेट आणि वाढलेलं गवत

प्रश्न: आजोबा ‘कांगा’च्या गोष्टी सांगायचे. ही लीग ऐन पावसाळ्यातच का? आणि कांगा म्हणजे कोण? (एक वाचक, डोंबिवली)

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी संघाचे फलंदाज. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात ते होते. त्यांच्या नावाची ही मुंबईतल्या क्लबांची क्रिकेट लीग १९४८ साली सुरू झाली. मुंबईत एरवी पावसाळ्याचे महिने किट माळ्यावर पडून असायचं, ते खाली काढायला लावलं या लीगने. सामने रविवारी, विकेट म्हणजे खेळपट्टी उघडी, न झाकलेली. पाऊस पडला तर पडला. त्या काळी इंग्लंडमध्येही विकेट झाकत नसत, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांची ही आयतीच तालीम होई.

‘ए’ ते ‘जी’ असे सात विभाग, प्रत्येकात १४ संघ. म्हणजे कागदावर प्रत्येकाचे १३ सामने, त्यातले किती पाऊस गिळतो ते सप्टेंबरात कळतं. सामना एका दिवसाचा, पण दुसरा डावही खेळता येतो. पहिल्या डावाच्या आघाडीपेक्षा दोन्ही डाव मिळून मिळवलेल्या निर्णायक विजयाला जास्त गुण, म्हणून समोरचा संघ साठ-सत्तरात गुंडाळला की कर्णधाराचं लक्ष घड्याळाकडे: दुसरा डाव आटपायला वेळ उरेल का? सचिन तेंडुलकर यात पहिल्यांदा उतरला तो अकराव्या वर्षी, १९८४ साली, जॉन ब्राइट क्लबकडून.

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा. कोरड्या टर्फवर (गवताच्या खेळपट्टीवर) छान खेळतो, पण कांगात दोनदा ड्राइव्ह मारताना मिडऑफला (गोलंदाजाच्या बाजूला समोर उभ्या क्षेत्ररक्षकाला) सोपा झेल देऊन आला. काय चुकतंय? (एक वाचक, ठाणे)

घाई. ओल्या विकेटवर चेंडू टप्पा पडल्यावर थांबून येतो. तोवर बॅट पुढे जाऊन वर उचललेली असते आणि चेंडू अलगद हवेत जातो. बॅकलिफ्ट (फटक्याआधी बॅट मागे उचलणं) निम्मा करा, चेंडू डोळ्यांखाली येऊ द्या.

खरी कसोटी पाऊस थांबून ऊन पडतं तेव्हा. वरचा पापुद्रा सुकतो, खाली ओल राहते, आणि एकाच टप्प्यावरचा एक चेंडू गुडघ्याला लागतो, तर पुढचा ग्लोव्हजवर उडतो. अशा वेळी खालचा हात सैल ठेवा, म्हणजे ग्लोव्हजला लागलेला चेंडू शॉर्ट लेगपर्यंत (लेग बाजूला फलंदाजाजवळ उभ्या क्षेत्ररक्षकापर्यंत) न जाता पायाशी पडेल.

आउटफिल्डचं, म्हणजे खेळपट्टीपासून लांबच्या मैदानाचं गवत हा निराळाच वैरी. जमिनीवरून मारलेला सणसणीत फटका तिसाव्या यार्डावर मरतो. धावा हव्यात तर जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून मारा आणि दोन पळा. रबरी तळव्याचे बूट घरी ठेवा. खिळ्यांचे घाला, आणि दर षटकाला बॅटच्या दांड्याने ठोकून त्यांतला चिखल काढा, नाहीतर खिळे असून नसल्यासारखे. गोलंदाज असेल तर खिशात टॉवेल हवाच. ओला चेंडू स्पिनरच्या बोटांतून सुटतो. मध्यमगती कटर (टप्पा पडून आत-बाहेर वळणारा चेंडू) टाकणाऱ्याची मात्र चंगळ.

प्रश्न: आझाद मैदानावर इतके सामने शेजारी-शेजारी चालतात, चेंडू लागत नाही? (एक वाचक, नाशिक)

लागतो की! तिथे २२ विकेट आहेत. शेजारच्या सामन्यातला थर्ड मॅन (यष्टिरक्षकामागे लांब सीमेजवळचा क्षेत्ररक्षक) तुमच्या मिडऑफला खेटून उभा असतो. तोंड आपल्या विकेटकडे, पाठ दुसऱ्याच्या फटक्याकडे. ‘बॉल!’ अशी आरोळी आली की वर पाहायचं नाही. मान खाली, दोन्ही हात डोक्यावर.