आईला असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवायचं तर खर्च नेमका कसा काढायचा?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी आई 79 वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून एकटीच राहते. मी नोकरीमुळे दुसऱ्या शहरात, बहीण तिथेच आहे पण तिचा स्वतःचा संसार, सासूसासरे, सगळं सांभाळून ती रोज दोनदा आईकडे चक्कर मारते आणि आता ती खरंच थकलीये. मध्यंतरी आई बाथरूममध्ये पडली, मोडलं काही नाही पण तेव्हापासून आम्ही सगळेच घाबरलोय. शहर लहान, असिस्टेड लिव्हिंगच्या, म्हणजे स्वतःची खोली आणि रोजच्या कामांत मदत मिळते अशा, दोनच जागा, एक भरपूर डिपॉझिट घेते आणि महिन्याची फी कमी, दुसरी बिनडिपॉझिटची पण फी जास्त. कुठली स्वस्त पडेल? की घरीच केअरटेकर ठेवावी? आईला अजून काही विचारलेलं नाहीये.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. आईला विचारा, आणि जागा बघायला जायच्या आधी विचारा, सगळं ठरवून झाल्यावर नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत पोर्टलंडला केरन ब्राउन विल्सन यांनी असिस्टेड लिव्हिंग सुरू केलं ना, ते मुळात त्यांच्या आईच्या सांगण्यावरून. त्या आईला स्ट्रोक झाला होता, कितीतरी वर्षं नर्सिंग होममध्ये काढली होती, आणि त्यांना हवं काय होतं तर स्वतःची छोटी जागा, स्वतःचं सामान आणि आपल्याला हवं तेव्हा बंद करता येईल असं दार. तुमच्या आईलाही असं काहीतरी हवं असेल, ते तुम्हाला आज माहीत नाहीये.

आता खर्च. फी विचारण्याआधी आईला मदत कशात आणि किती लागते ते लिहून काढा. डॉ. सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये यासाठी एक साधी यादी छापली होती, जगभर अजून तीच वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. बहिणीला सांगा एक आठवडा वही ठेव. "सकाळी पलंगावरून उतरताना हात द्यावा लागला, आंघोळ स्टुलावर बसून स्वतः केली, दुपारची गोळी विसरली, रात्री दोनदा उठली" असं, वेळेसकट. ही वही हातात असली की जागेवाले "सगळं बघतो हो आम्ही" म्हणतात तेव्हा नेमकं काय काय बघता हे विचारता येतं.

माझ्या मते सगळा हिशोब रात्रीवर फिरतो. आठवड्याचे तास 168, एक माणूस 48 तास काम करतो असं धरलं तरी चोवीस तासांसाठी साडेतीन माणसं लागतात, वर त्यांच्या सुट्ट्या, आजारपण, एखादी आलीच नाही तर पुन्हा बहीणच. म्हणून दिवसाचे तीन-चार तास मदत पुरत असेल तर घर जवळपास नेहमीच स्वस्त पडतं, पण रात्रीही कुणीतरी जागं हवं असेल तर घरचा खर्च एकदम वर जातो, कारण असिस्टेड लिव्हिंगमध्ये रात्रपाळीच्या एका माणसाचा पगार सगळ्यांत वाटला जातो आणि घरी तो सगळा तुमच्यावर.

डिपॉझिटचं म्हणाल तर ती रक्कम बँकेत ठेवली असती तर वर्षाला किती व्याज आलं असतं ते काढा, 12 ने भागा आणि महिन्याच्या फीत मिळवा, मग दोन्ही जागा शेजारी ठेवून बघा, बऱ्याचदा "कमी फी" तेवढी कमी राहत नाही. शिवाय डिपॉझिट किती दिवसांत परत, त्यातून काय काय कापणार, आई दोन महिन्यांत परत आली तर काय, हे सगळं करारात लिहिलेलं पाहिजे, तोंडी नको. फी दरवर्षी किती वाढते तेही विचारा, 8 टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट होते.

आणि फीच्या बाहेरचं बघा! औषधं, डायपर, डॉक्टरची व्हिजिट, फिजिओ, हॉस्पिटलला नेताना सोबतीला माणूस, हे सहसा वेगळं लावतात. सगळ्यात मोठा फटका म्हणजे मदतीची पातळी बदलली की फी बदलते, आज "थोडी मदत" मध्ये असलेली आई पुन्हा पडली तर "पूर्ण मदत" मध्ये जाते. ती पातळी कोण ठरवणार आणि तुम्हाला किती आधी कळवणार?

जागा बघायला संध्याकाळी उशिरा जा, तेव्हा स्टाफ कमी असतो. रिकाम्या खोलीतलं बेल बटण दाबायची परवानगी घ्या, दाबा आणि कोण किती वेळात येतं ते घड्याळात बघा. बाथरूममध्ये कमोडच्या बाजूचा दांडा हलतो का हाताने ओढून बघा.

तोवर घरचं काम थांबवू नका. 65 च्या पुढच्या साधारण तीनातला एक माणूस दर वर्षी पडतो, म्हणजे आईचं पडणं काही जगावेगळं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. डॉक्टरांना तिच्या सगळ्या गोळ्या एकत्र दाखवा, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो, डोळे तपासा, बाथरूममध्ये दांडे आणि रात्रीचा दिवा लावून घ्या. लहान शहरात सोयी असतात पण त्यांची पाटी कुठे नसते, म्हणून हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करला भेटा, डे केअर कुठे आहे, घरी येणारा फिजिओ कोण, रिटायर झालेली कुठली नर्स काही तास येऊ शकते हे त्यांना ठाऊक असतं. या दोन जागांपैकी एखादी आईला महिनाभर ट्रायलवर ठेवून घेते का तेही विचारा, बहिणीला तेवढीच विश्रांती, आणि मत द्यायला आई स्वतः तिथे राहून आलेली असेल.

प्रश्न: मी 76 वर्षांचा, पत्नीला विसरण्याचा आजार सुरू झालाय. एक संस्था आम्हा दोघांना घ्यायला तयार आहे. घर विकून डिपॉझिट भरू का?

उत्तर: काका, घर इतक्यात विकू नका. आधी दोघं तिथे महिना-दोन महिने राहून बघा, शक्य असेल तर घर भाड्याने द्या. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे, काकूंचा आजार वाढला, त्या रात्री उठून बाहेर जायला लागल्या तरी संस्था त्यांना ठेवणार का? बऱ्याच असिस्टेड लिव्हिंगमध्ये तेव्हा "दुसरी सोय बघा" म्हणतात, आणि त्या वयात त्या अवस्थेत पुन्हा जागा बदलणं त्यांना फार जड जाईल. हे लेखी घ्या. दोघांपैकी एक मागे राहिला तर डिपॉझिट आणि खोलीचं काय, तेही लेखी घ्या.

बँकेची, घराची, उपचारांचे निर्णय कोण घेणार याची कागदपत्रं मात्र लगेच करा, कारण काकूंना समजतंय तोवरच त्यांच्या सहीला अर्थ आहे. वकिलाकडे सकाळच्या वेळी घेऊन जा, त्या ताज्या असतात तेव्हा, आणि त्यांना काय हवंय ते वकिलांना त्यांच्याच तोंडून सांगू द्या.