आयपॅडच्या आधी टॅब्लेट होते का? त्यांत कोणती ऑपरेटिंग सिस्टीम असायची आणि ते मागे का पडले?

होते. माझ्या मते त्यांतला सगळ्यात धाडसी म्हणजे नोकिया ७७०. आयपॅड आला २०१० मध्ये, हा २००५ च्या अखेरीस. नोकियाचा असूनही यात सिम कार्ड नव्हतं. इंटरनेट वाय-फायवरून, नाहीतर ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइलवरून घ्यायचं. स्क्रीन जेमतेम ४.१ इंच, पण ८०० बाय ४८० पिक्सेल. बहुतेक फोनवर तेव्हा वॅपची (मोबाइलसाठी बनवलेली साधी वेब) त्रोटक पानं दिसत. इथे अख्खी वेबसाइट दिसायची. रॅम मात्र ६४ एमबी, त्यामुळे जड पान उघडलं की त्याला धाप लागे.

ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव माएमो. डेबियन या लिनक्सच्या (मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम) एका प्रकारावर उभी, आणि छोट्या टचस्क्रीनसाठी वर हिल्डन हा इंटरफेस. म्हणजे हातात खराखुरा लिनक्स संगणकच. मी नोकियाचाच पुढचा टॅब्लेट, २००७ चा एन८००, वापरलाय. टर्मिनल (लेखी आज्ञांची खिडकी) उघडा, रूट (पूर्ण अधिकार असलेला वापरकर्ता) व्हा, ॲप्ट या साधनाने सॉफ्टवेअरचं पॅकेज टाका, एसएसएच या सुरक्षित जोडणीने घरच्या मशीनवर जा. कुणाची परवानगी लागत नसे. आपल्या वस्तूवर आपलाच हक्क असणं काय असतं, हे मला त्याने दाखवलं. आजच्या टॅबवर मला ते मिळत नाही.

हार्डवेअर कमकुवत होतं म्हणून ते मागे पडले, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. हार्डवेअर सुधारत होतं. पाया मात्र सारखा बदलत होता. २००९ मध्ये एन९०० सोबत माएमो ५ आली (एन९०० मध्ये शेवटी फोनही आला), पण एन८०० आणि एन८१० या आधीच्या टॅब्लेटना ती मिळाली नाही. २०१० मध्ये माएमोचं इंटेलच्या मोब्लिन या लिनक्स सिस्टीमशी विलीनीकरण होऊन मीगो जाहीर झाली. ॲपचा इंटरफेस बांधायला जीटीकेच्या जागी क्यूटी, सॉफ्टवेअर पॅकेजसाठी डेबच्या जागी आरपीएम. ॲप लिहिणाऱ्यांनी किती वेळा नव्याने सुरुवात करायची? फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली आणि त्याच वर्षी आलेला सुंदर एन९ फोन पोरका झाला. नोकियाच्या मीगो टीममधल्या काहींनी पुढे योला कंपनी काढली. तिची सेलफिश ओएस याच घराण्यातली.

जुना ७७० किंवा एन८०० घेणार असाल तर आधी बॅटरी तपासा. दोघांनाही बीपी-५एल ही बॅटरी लागते. आजच्या बहुतेक एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीच्या) साइट त्यांच्या मूळ ब्राउझरमध्ये उघडणार नाहीत. एफबीरीडर हे ई-पुस्तकांचं ॲप टाकून पुस्तकं मात्र छान वाचता येतात.