फायटरची शेपटी: औषध ओतण्याआधी कड बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तिन्ही फोटो मोठे करून बघितले. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नागपूरच्या मनीष नगरात तिसऱ्या मजल्यावर घर, मुलाच्या वाढदिवसाला आणलेला लाल-निळा हाफमून फायटर मासा (शेपटी पसरली की अर्धचंद्रासारखी दिसते तो), नाव टायगर. तीन लिटरचा गोल काचेचा वाडगा, शोकेसमध्ये ठेवलेला, मागे आरसा. फिल्टर नाही. रोज दुपारी कामं आटोपली की सगळं पाणी बदलता. परवा सकाळी बघितलं तर शेपटीचा तुकडा गायब आणि पोटाखालच्या लांब पराची कड काळपट. दुकानदार म्हणाला फिन रॉट, म्हणजे पर सडण्याचा रोग, आणि निळं औषध दिलं. चार थेंब टाकले, तर आता मासा वर येऊन नुसता पडून राहतो. औषध वाढवू का, असं विचारलंत.

वाढवू नका. शेपटीला रोग झालेलाच नाही, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

फिन रॉट एका रात्रीत नखाएवढा तुकडा नेत नाही. तो कडेपासून आत सरकतो, रोज थोडा थोडा, आणि जाताना खूण ठेवून जातो. उदबत्तीने कागदाची कड जाळत न्यावी तशी ती कड दिसते: वाकडीतिकडी, काळपट, कधी लालसर, कधी पांढुरकी. तुमच्या दुसऱ्या फोटोत शेपटीची कड तशी नाही. तिथे पोळीचा घास तोडावा तसा स्वच्छ अर्धगोल आहे, रंग अगदी काठापर्यंत शाबूत. हा चावा आहे. आणि वाडग्यात दुसरा मासा नाही, म्हणजे चावणारा टायगरच.

तिसरा प्रकार म्हणजे फाटणं. पतंग काडीच्या बाजूने सरळ फाटतो ना, तशी चीर पराच्या दोन काड्यांच्या मधून जाते, काड्या जागेवर राहतात. प्लास्टिकच्या झाडाला घासून होतं. पहिल्या फोटोत वरच्या बाजूला अशा दोन चिरा आहेत. ते हिरवं झाड बाहेर काढा आणि त्यावरून शिफॉनची जुनी ओढणी फिरवा. धागा अडकला तर झाड कचऱ्यात.

आज रात्री एक करा. हॉलचे दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च वाडग्याच्या मागून धरा आणि समोरून बघा. परातल्या काड्या छत्रीच्या काड्यांसारख्या दिसतील. त्या कुठपर्यंत शाबूत आहेत ते बघायचं. मुळापाशी काड्या असतील तर पर परत येतो. सड पार मुळापर्यंत, अंगाला भिडली तर तेवढा भाग बहुधा पुन्हा येत नाही. टायगरच्या काड्या भरपूर आहेत, मुलाला सांगा.

पोटाखालच्या पराची काळी कड मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती सडण्याची सुरुवात असू शकते. चावलेल्या किंवा फाटलेल्या जागी घाण पाण्यातले जिवाणू बसतात आणि मग खरा फिन रॉट सुरू होतो. म्हणजे दुखणं दोन प्रकारचं असलं तरी मूळ एकच: पाणी आणि जागा.

तो स्वतःला चावून काहून राहिला, त्याची पहिली शंका मला आरशावर आहे. फायटरला आरशात दुसरा नर दिसतो. तो दिवसभर कल्ले फुगवून, पर ताणून भांडतो आणि समोरचा काही हटत नाही. त्यात हाफमूनची शेपटी म्हणजे ओला शालू नेसून पोहणं. ओझं, वैताग आणि करायला दुसरं काही नाही, मग स्वतःचीच शेपटी धरतो. सवय लागली की सुटायला वेळ लागतो. वाडगा आजच तिथून हलवा.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली: दुपारी पाणी बदलता. ताई, मे महिना आहे. गच्चीवरची काळी टाकी दुपारी दोनला किती तापते हे नागपूरकराला सांगायला नको, नळाखाली हात धरवत नाही. 2013 च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा 47.9 वर गेला होता, आणि यंदाचा नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, अजून यायचाय. फायटरला 25 ते 28 अंश पाणी बरं. रोज सगळं पाणी उपसून वेगळ्याच तापमानाचं ओतलं की त्याला रोज धक्का बसतो. त्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) टाकत नसाल तर क्लोरीनने कल्ले भाजतात ते वेगळंच.

आणि रोज बदलूनही तीन लिटरमध्ये अमोनिया साचतोच. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून तो सतत निघत असतो. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) आणि तापमानावर ठरतं. पीएच 7 चा 8 झाला की तो साधारण दहापट होतो, पाणी तापलं की आणखी वाढतो. तुमच्या सोसायटीत नळाच्या पाण्यात बोअरचं मिसळत असतील तर ते पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असणार आणि पीएचही चढा असण्याची शक्यता जास्त. वर येऊन पडून राहणं मला त्यातलंच वाटतं. फायटर हवा घ्यायला वर येतो हे ठीक, त्याला हवेतून श्वास घेणारा अवयवच आहे, पण घोट घेऊन तो खाली जायला हवा.

आता करायचं काय. बाजारात कपडे ठेवायला पारदर्शक प्लास्टिकचे झाकणाचे डबे मिळतात, 20 लिटरचा घ्या. झाकणाला भोकं पाडा, कारण हा मासा उडी मारतो. आज रात्री बादलीत पाणी भरून घरातच उघडं ठेवा, उद्या सकाळी त्यात मापाने अँटी-क्लोरीन टाका आणि डब्यात ओता. टायगरला त्याच्याच पाण्यासकट एका भांड्यात घेऊन अर्ध्या तासात थोडं थोडं नवं पाणी मिसळत न्या, मग सोडा. खाली खडे नकोत, झाड नको, लपायला मातीचा छोटा माठ आडवा टाका. जमलं तर स्पंज फिल्टर लावा, हवेचा नॉब अगदी कमी ठेवून. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणाऱ्या चांगल्या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज पाव डबा पाणी बदलायचं, पूर्ण कधीच नाही, आणि तेही सकाळी. दाणे दिवसाला तीन-चार, उरलेला दाणा लगेच काढायचा. अमोनियाचं टेस्ट किट घ्याच. निळ्या औषधापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतील.

काळ्या कडेसाठी मीठ. साधं खडे मीठ, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे 20 लिटरला चहाचे सपाट चार चमचे, मग्यात विरघळवून दोन-तीन वेळा विभागून. दुसऱ्या दिवशी मासा ठीक असेल तर तेवढंच आणखी. सात ते दहा दिवस, पुढे नाही. यात एक गोम आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. कूलरच्या खोलीतल्या डब्यातलं पाणी दोन दिवसांत बोटभर उतरतं, ते साध्या पाण्याने भरायचं. जेवढं पाणी तुम्ही बदलता तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा टाकायचं.

बदामाचं पान कुणीतरी सुचवेलच. शाळांच्या मैदानात, जुन्या प्लॉटांच्या अंगणात असतं ते मोठ्या पानांचं देशी बदाम. मी थंडीत गळलेली तपकिरी पानं गोळा करून पेपरात गुंडाळून ठेवतो. एक पान धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून टाका, पाणी कोऱ्या चहासारखं होतं. मासा शांत होतो असा माझा अनुभव आहे, पण जड पाण्याचा पीएच एका पानाने हलत नाही. त्याला औषध समजू नका.

निळ्या औषधाबद्दल. मिथिलीन ब्लू मुख्यतः बुरशीवर चालतं, पराच्या सडण्यावर त्याचा फारसा भरवसा नाही, आणि फिल्टर लावल्यावर त्यातले चांगले जिवाणूही मारू शकतं. आमच्यापैकी बरेच जण टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकतात, मीही टाकली आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि माशापर्यंत फार कमी पोचतं. उरतं ते पिवळं पाणी आणि मेलेला फिल्टर.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच. पहिल्या फायटरची शेपटी सडली होती, पाणी सुधारल्यावर थांबली. दहाएक दिवसांनी कडेला पांढरट, पारदर्शक पट्टी दिसायला लागली. मी घाबरलो. बुरशी! दोन आठवडे औषध ओतत राहिलो, पट्टी काही जाईना. शेवटी चष्मा लावून टॉर्चने बघितलं तर त्या पट्टीत बारीक काड्या होत्या. नवी शेपटी येत होती आणि मी तिच्यावरच औषध मारत होतो. नवा पर आधी बिनरंगी, प्लास्टिकच्या कागदासारखा येतो, रंग मागाहून भरतो. बुरशी कापसासारखी बाहेर फुगते. हा फरक नीट लक्षात ठेवा, पूर्ण शेपटी यायला एक ते तीन महिने लागतील आणि तेवढ्यात तुम्हीही एकदा घाबरणार.

खरं घाबरायचं ते पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा दिसला, तोंडाशी पांढरं आलं आणि दिवसभरात पसरलं तर. तो कॉलमनॅरिस, जिवाणूंचा रोग, उन्हाळ्यात भराभर वाढतो. तेव्हा मिठावर थांबू नका. परदेशी व्हिडिओत पाणी गरम करा म्हणतात, तेही करू नका, उलट 24-25 पर्यंत हळूहळू उतरवा. आणि अंदाजाने औषध टाकण्यापेक्षा माशांचं कळणाऱ्याला दाखवा. मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, तिथे विचारून बघायला काही जात नाही.

पाणी थंड ठेवायला बर्फ थेट टाकू नका. अर्ध्या लिटरची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून डब्यात तरंगत ठेवा, 28 झालं की काढा. कूलर थेट डब्यावर नको, पण त्याच खोलीत असला की दोन-तीन अंशांचा फरक पडतो. लाइट गेली की माझी पहिली धाव माशांकडे असते, बायको यावरून आजही बोलते.

रविवारी सकाळी पुन्हा फोटो टाका. डब्यामागे पांढरा कागद लावून, एकाच बाजूने, फ्लॅश बंद करून. काळी कड तिथेच थांबली असेल तर मीठ तेवढे दिवस पुरं करून बंद. मुळाकडे सरकली असेल तर पुढचं बोलू. आणि त्या गोल वाडग्यात मनी प्लँट लावा.